वनाझ मेट्रोजवळ दिवसभर गाडी लावायची जागा : दीड वर्षाचा अनुभव

पुण्यात वनाझ आणि आनंदनगर या दोन मेट्रो स्थानकांच्या मधल्या भागात, पौड रोडवरून आत शिरलं की एक जुना बैठा बंगला लागतो. समोर आंब्याचं मोठं झाड, झाडाखाली अंगण, आणि अंगणात सकाळी साडेनऊपर्यंत साठ-पासष्ट दुचाक्या. दुकानासारखी पाटी नाही, जागेला नाव नाही. फाटकाला तारेने बांधलेल्या काळ्या पत्र्यावर पांढऱ्या रंगात तीन ओळी आहेत : दुचाकी १० रुपये, सायकल ५ रुपये, हँडल लॉक करू नये. हे सगळं बघणारं जोडपं सत्तरीच्या आसपासचं. आम्ही सगळे त्यांना काका-काकूच म्हणतो. मी शिवाजीनगर कोर्टात एका वकिलांकडे टायपिंगचं आणि फायलींचं काम करते. गेलं दीड वर्ष, कोर्टाच्या सुट्ट्या सोडल्या तर रोज, माझी स्कूटर या अंगणात लावून मेट्रोने जाते. आमच्या भुसारी कॉलनीतल्या बऱ्याच जणींनी या जागेबद्दल विचारलं, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

मागचं थोडं सांगायला हवं. ६ मार्च २०२२ ला वनाझहून मेट्रो सुरू झाली तेव्हा ती गरवारे कॉलेजपर्यंतच जायची. मुलाला घेऊन एकदा हौसेने बसून आले, तेवढंच. १ ऑगस्ट २०२३ ला गाडी सिव्हिल कोर्टवरून, म्हणजे आमच्या कोर्टाजवळच्या स्थानकावरून, पुढे रुबी हॉलपर्यंत जायला लागली आणि माझा दिवस बदलला. त्याआधी मी स्कूटरने थेट कोर्टात जायचे. कर्वे रोडवर मेट्रोचं आणि नळस्टॉपच्या पुलाचं काम चाललं होतं ती वर्षं मी पत्र्यांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेतून गाडी काढत काढली आहेत. पावसाळ्यात कोर्टात पोचेपर्यंत सलवार गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली असायची. आता वनाझला चढले की वीस मिनिटांच्या आत उतरते. डेक्कनच्या पुढे गाडी मुठेच्या कडेने जाते, तेवढी दोन मिनिटं मी फोन पर्समध्ये ठेवून नदीकडे बघते. आणि २९ सप्टेंबर २०२४ पासून स्वारगेटपर्यंतचा भुयारी मार्ग सुरू झाल्यावर शनिवारी मंडईत जाणंही सोपं झालं. सिव्हिल कोर्टला खाली उतरून गाडी बदलायची. ते स्थानक जमिनीखाली ३३ मीटर आहे, तरी दुपारी वरून आलेला उजेड फलाटापर्यंत पोचतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी जिन्याच्या बाजूला उभी राहून वर बघत राहिले होते.

अडचण होती ती घर ते स्थानक या दोन किलोमीटरची. चालायचं तर सकाळी डबा, धुणं, सासूबाईंची औषधं यातून पंचवीस मिनिटं काढायची कुठून? बसची वेळ माझ्या वेळेशी जुळत नव्हती. रिक्षा रोज परवडत नाही. म्हणून बाकीचे करतात तेच मी केलं. स्थानकाजवळच्या गल्लीत जिथे फट दिसेल तिथे स्कूटर घुसवायची आणि पळत जिना चढायचा.

२०२४ च्या फेब्रुवारीत एका संध्याकाळी परत आले तर दोन्ही चाकं बसलेली. व्हॉल्वची दोन्ही टोपणं सीटवर शेजारी शेजारी नीट मांडून ठेवलेली, आणि त्यांच्याखाली वहीच्या कागदाची चिठ्ठी : ‘इथे माणसं राहतात. गाडी लावू नये.’ पावणेआठ वाजले होते. हवा भरायला मेन रोडपर्यंत गाडी ढकलत न्यायची होती आणि मला खरोखर रडू आलं. तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून एक बाई खाली आल्या. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या असतील. म्हणाल्या, ‘ताई, हवा सोडायला वॉचमनला आम्हीच सांगितलं. परवा रात्री माझ्या सासऱ्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून कोपऱ्यापर्यंत न्यावं लागलं. अँब्युलन्स आत वळेचना, दोन्ही बाजूंना गाड्या.’ मी काय बोलणार? माझी गाडी त्या रात्री तिथे नव्हती, पण रोज सकाळी असायचीच. त्यांनी मागून धक्का देत पंक्चरवाल्यापर्यंत सोबत केली. वाटेत त्यांनीच सांगितलं, ‘पुढच्या गल्लीत काकू गाड्या ठेवून घेतात. तिथे बघा.’ लगेच गेले नाही. दोन-तीन महिने लांबच्या एका गल्लीत गाडी लावून चालत येत राहिले. जूनमध्ये पाऊस सुरू झाला तेव्हा या फाटकातून आत आले, ती आजपर्यंत.

आता जागेबद्दल. फाटक उघडलं की उजव्या हाताला जुनं लाकडी टेबल, त्यावर खणाखणांचा डबा. आपल्या मसाल्याच्या पाळ्यासारखाच, पण मोठा. त्यात बिल्ले. काका एका कारखान्यात टर्नर होते. ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या गोल चकत्या त्यांनी स्वतः कापल्या आहेत, कडा कानसून गुळगुळीत केल्यात आणि आकडे पंचने ठोकलेत. प्रत्येक आकड्याच्या दोन चकत्या. एक गाडीच्या हँडलला तारेच्या आकड्याने अडकवायची, दुसरी आपल्याकडे. माझा पास असल्यामुळे माझा आकडा ठरलेला आहे, ३४. त्यातला चार जरा तिरका बसलाय. अंधारात पर्समध्ये हात घातला तरी बोटाला तो चार कळतो.

हँडल लॉक करायचं नाही हा इथला मोठा नियम, आणि नव्या माणसाला तो सांगावाच लागतो. काका दिवसभरात गाड्या सरकवतात. लवकर परतणाऱ्यांच्या गाड्या फाटकाकडे, उशिरा येणाऱ्यांच्या मागे भिंतीला. कोण कधी येतं हे त्यांना पाठ आहे. मी सहा वाजून दहा मिनिटांनी येते, तर माझी गाडी सहाच्या सुमाराला दुसऱ्या ओळीत आलेली असते. दीड वर्षात एकदाही मला कोणाची गाडी हलवून माझी काढावी लागलेली नाही. आधी गल्लीत लावायचे तेव्हा रोज शेजारच्याचा आरसा नाहीतर फुटरेस्ट अडकलेला असायचा.

पावसाळ्यात अंगणात मुरूम भिजतो आणि साइड स्टँड रुतून गाडी कलंडते. पहिल्या आठवड्यात माझी कलंडली होती, ब्रेकचं टोक वाकलं. काकूंना सांगितलं तर दुसऱ्या दिवशी त्यांनी फुटक्या शहाबादी फरशीचे हाताएवढे तुकडे फाटकाशी रचून ठेवले. आत येताना एक उचलायचा, स्टँडखाली सरकवायचा, जाताना परत रचायचा. आता सगळ्यांना सवय झालीये. व्हरांड्यात नायलॉनची दोरी बांधली आहे रेनकोट वाळत घालायला. संध्याकाळी कोरडा रेनकोट घडी करून घरी नेणं यातलं सुख ज्याने रोज ओला रेनकोट डिकीत कोंबलाय त्यालाच कळेल. हेल्मेटसाठी भिंतीवर खिळे आहेत, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

उणिवाही सांगते. फाटक अरुंद आहे, सकाळी पावणेनऊ ते सव्वानऊ एक जण आत येत असताना दुसऱ्याला थांबावं लागतं. तिथे चार-पाच मिनिटं जातात आणि ठरवलेली मेट्रो चुकते. गर्दीच्या वेळी पुढची सहा-सात मिनिटांत येते, तरी चिडचिड होतेच. मागच्या भिंतीकडे दिवा नाही. हिवाळ्यात सात वाजता तिथे मोबाइलचा उजेड लागतो. बायकांनी उशिरा येणार असाल तर आधी सांगून ठेवा, काका गाडी पुढे काढून ठेवतात. रात्री साडेनऊला फाटक बंद होतं म्हणजे होतंच. नाटकाचा दुसरा अंक टाकून मी एकदा परत आले आहे. आंब्याच्या मोहोराच्या दिवसांत सीट चिकट होते, जुना टॉवेल जवळ ठेवावा. चारचाकी घेत नाहीत, विचारूही नका.

पैशांचा हिशोब असा. महिन्याचा पास २०० रुपये. सुटं १० रुपये, क्यूआर कोड कपाटाच्या दारावर चिकटवलेला आहे. आमच्या कॉलनीपासून स्थानकापर्यंत रिक्षाने पहिल्या दीड किलोमीटरला २५ आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये, म्हणजे एका वेळेचे तेहेतीस-चौतीस. १ जून २०२५ पासून बसचं कमीत कमी तिकीट ५ चं १० झालं. जाऊन-येऊन २०. पुढे मेट्रोचं तिकीट वेगळं, ते १० पासून ३५ पर्यंत. ज्यांना थेट बस मिळते त्यांनी जरूर बसनेच जावं, मी कोणाला स्कूटर काढा म्हणत नाही. पण दोन किलोमीटरसाठी बस आणि त्यापुढे मेट्रो असं दोनदा तिकीट काढणाऱ्याला हे अंगण परवडतं, हे खरं आहे.

आता ज्यासाठी खरं म्हणजे लिहायला बसले ते. गेल्या श्रावणात एका रविवारी गल्लीतल्या लोकांची बैठक या अंगणात झाली, कारण पंचवीस-तीस माणसांना एकत्र बसता येईल अशी मोकळी जागा त्या भागात दुसरी उरलेली नाही. विषय पार्किंगचा. काकूंनी आम्हा पासवाल्यांनाही बोलावलं, म्हणाल्या, ‘तुमच्याविषयी बोलणार, तर तुम्ही समोर असा.’ चहा झाला, साबुदाण्याची खिचडी झाली, आणि मग जे बोलणं झालं तसं स्वच्छ बोलणं मी कोर्टातही फार कमी वेळा ऐकलंय.

खुर्चीतून सासऱ्यांना नेणाऱ्या त्या ताई पहिल्यांदा बोलल्या. म्हणाल्या, आमची गल्ली नऊ मीटरची. दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या की मधे एक रिक्षा जाते, बास. पी-१, पी-२ च्या पाट्या लावा, म्हणजे एका तारखेला एकच बाजू. कोपऱ्यावरचे हार्डवेअरवाले म्हणाले, पी-१, पी-२ ला माझी ना नाही, पण माल उतरवायला टेंपोला सकाळी अर्धा तास द्या. सिमेंटची गोणी मी मेन रोडवरून डोक्यावर आणू का? एक रिक्षावाले दादा आले होते. त्यांचं म्हणणं मला फार पटलं. ‘भुसारी कॉलनी ते वनाझ शेअर रिक्षा लावायला आम्ही सात-आठ जण तयार आहोत. सीटला पंधरा रुपये. उभं राहायला चार रिक्षांची जागा आखून द्या. मग या सगळ्या मॅडम स्कूटर कशाला काढतील?’ अंगणातल्या निम्म्या बायकांनी तिथल्या तिथे हात वर केले. मीही केला, आणि लगेच काकूंकडे बघितलं. त्यांच्या पासाचं काय होईल हा विचार माझ्या मनात आला होता. त्या हसत होत्या. म्हणाल्या, ‘अगं, माझं काय, मला दुपारची झोप तरी मिळेल.’

गरवारेत शिकणारी एक मुलगी म्हणाली, मला गाडीच नकोय. मी चालेन. पण चालायला फूटपाथ सलग पाहिजे. इथे दर दहा पावलांना खाली उतरा, वर चढा, मधे विजेचा डीपी, मधे कुंड्या, मधे कोणाची तरी बुलेट. तिने घरापासून स्थानकापर्यंत कितीदा फूटपाथ सोडून रस्त्यावर उतरावं लागतं ते मोजून आणलं होतं. सतरा वेळा. सगळे गप्प झाले, कारण त्या सतरांतली एक तरी जागा प्रत्येकाच्या घरासमोरची होती.

मग वेताळ टेकडीतून काढायच्या बालभारती ते पौड फाटा रस्त्याचा विषय निघाला आणि दोन तट पडले. काहींचं म्हणणं, तो रस्ता झाला की कर्वे रोड मोकळा होईल. ही मुलगी १५ एप्रिल २०२३ ला वेताळ टेकडीसाठी निघालेल्या मोर्चात चालली होती. ती म्हणाली, टेकडी फोडून रस्ता केला तर दोन-चार वर्षांत तोही भरेल, आणि टेकडी मात्र परत येणार नाही. मी टेकडीच्या बाजूची आहे. रोज त्याच टेकडीकडून आमच्या गच्चीवर मोर ऐकू येतात. ज्यांचं मत उलटं आहे त्यांच्याशी माझं भांडण नाही, ते रोज दोन तास कर्वे रोडवर काढतात. पण मेट्रो हा त्याच रस्त्याचा उपाय म्हणून आला आहे, तो आधी पुरता वापरून तर बघूया.

सगळ्यात शेवटी एक निवृत्त आजोबा उठले. बोलताना हात थरथरत होते. ‘२०१८ साली महापालिकेने पार्किंगचं धोरण मंजूर केलं होतं. रस्त्यावर गाडी लावायची तर पैसे द्या. गावभर विरोध झाला, ते धोरण कागदावरच राहिलं. विरोधाच्या अर्जावर माझीही सही आहे. रस्ता माझ्या बापाचा आहे आणि फुकटच मिळाला पाहिजे, असं मला तेव्हा वाटायचं. आज माझ्या नातवाला सायकल शिकायला रस्ता नाही. ती सही मी करायला नको होती.’ आजोबा खाली बसले तरी काही क्षण कोणी बोललं नाही.

आमच्याकडून मी एवढंच म्हणाले की आम्ही गल्लीत गाड्या लावणं बंद करू, पण आम्हाला पैसे देऊन लावता येईल अशी जागा सांगा. मेट्रो आली तेव्हा स्थानकांखाली गाड्यांसाठी जागा फार थोडी होती, हे पौड रोडवर रोज डोळ्यांनी दिसतं. सगळ्यांचं म्हणणं काकूंनी दोनशे पानी वहीत उतरवून घेतलं, मी ते ऑफिसात बसून टाइप केलं, आणि एकोणतीस सह्यांचा अर्ज संबंधित कार्यालयात दिला. पोच घेतली आहे. पी-१, पी-२, टेंपोला सकाळची अर्ध्या तासाची मुभा, शेअर रिक्षाचा थांबा, सलग फूटपाथ आणि स्थानकापासून पाच मिनिटांच्या आत पैसे देऊन लावायचा वाहनतळ, एवढ्या मागण्या त्यात आहेत.

आणि एक मागणी माझी स्वतःची. ती इथे मोठ्याने मांडते. मेट्रो स्थानकापासून ५०० मीटरच्या आत बांधकामाला चारपर्यंत एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या चौपट बांधकाम, देण्याचं धोरण आहे. त्यामागचा विचार सरळ आहे : स्थानकाजवळ जास्त माणसं राहिली तर ती चालत मेट्रोला जातील, त्यांना गाड्या लागणार नाहीत. विचार चांगला आहे. पण या गल्लीत पाडलेल्या एका इमारतीत सोळा बिऱ्हाडं होती, तिथे नव्या नकाशात छप्पन्न आहेत, आणि जाहिरातीच्या पत्रकावर ठळक अक्षरांत ‘प्रत्येक फ्लॅटला दोन कारचं पार्किंग’. म्हणजे मेट्रो जवळ म्हणून मजले वाढवून घ्यायचे आणि त्या मजल्यांवर शंभर गाड्या आणायच्या. गल्ली तीच, नऊ मीटरची. माझं म्हणणं असं की स्थानकाजवळ जी नवी इमारत वाढीव एफएसआय घेते तिने तळमजल्यावर बाहेरच्या लोकांच्या दुचाक्यांसाठी थोडी जागा ठेवावी, पैसे घेऊन. काका-काकू अंगणात जे करतात तेच. साठ गाड्यांना जागा किती लागते ते मी अंगणात पावलांनी मोजलंय. मागच्या भिंतीपासून फाटकापर्यंत बावीस पावलं आणि रुंदी चौदा.

हे आत्ता बोलायचं कारण, हा बंगलाही जाणार आहे. काका-काकूंची मुलगी बाहेरगावी असते, दोघांना जिना चढवत नाही, छप्पर गळतं. शेजारच्या दोन प्लॉटबरोबर मिळून त्यांचं बोलणं चाललंय. त्यांनी नवं घर घ्यावं, लिफ्ट असलेलं, हे मला मनापासून वाटतं. काकूंना मी विचारलं, तुमच्या करारात ही तळमजल्याची अट घालाल का? त्यांनी काकांकडे बघितलं. काका बिल्ले पुसत होते. म्हणाले, ‘घालू की. बिल्ले तयार आहेत.’ बिल्डरकडच्या माणसाला त्यांनी ते खरंच सांगितलंय, त्याने ‘बघतो’ म्हटलंय. पुढच्या बैठकीला काका मला बरोबर नेणार आहेत, कागद वाचायला.

वनाझपासून चांदणी चौकापर्यंत मेट्रो वाढवायला केंद्राने २५ जून २०२५ ला मंजुरी दिली आहे. तिकडे रामवाडीपासून वाघोलीकडे आणि इकडे चांदणी चौकाकडे मिळून १२.७५ किलोमीटर, १३ स्थानकं. आमच्या बाजूला कोथरूड डेपो आणि चांदणी चौक ही दोन. ती झाली की मी घरून चालत डेपोच्या स्थानकावर जाईन, स्कूटर लागणार नाही. पण तिथल्या गल्ल्यांत बावधनहून, भूगावहून येणाऱ्यांच्या गाड्या लागतील, आणि तेव्हा गॅलरीतून खाली येणारी बाई मी असेन. डेपोजवळ राहणाऱ्यांनी आत्ताच जमून बोला, नकाशे व्हायच्या आधी. अर्जाचा मसुदा माझ्याकडे टाइप केलेला आहे, कोणालाही देते.

ज्यांना अंगणात गाडी लावायची आहे त्यांच्यासाठी : सकाळी साडेसहाला फाटक उघडतं. सुटं लावायचं असेल तर साडेआठच्या आत या, नंतर जागा पासवाल्यांचीच उरते. सध्या नवे पास बंद आहेत, एक-दोन जणांची बदली झाली की सुटतात, काकूंकडे नाव लिहून ठेवा. रविवारी आणि चतुर्दशीच्या विसर्जनाला बंद. मी काल विचारलं, किती दिवस चालू राहील म्हणून. काकू म्हणाल्या, पाडव्यापर्यंत नक्की.